खेळणारी मुले व उरलेले तुकडे

शास्त्रपाठ : जखऱ्या ८:४, ५, योहान ६:१२, अनुवाद २२:८



यरुशलेम नगर पडझडीतून पुन्हा उभे राहत असता देवाने जखऱ्या संदेष्ट्याच्या द्वारे आपल्या लोकांना त्याच्या भावी सुखाचे चित्र दाखविले. त्यात काठी टेकून बसलेले वृद्ध आहेत आणि रस्त्यांत खेळणारे मुलगे व मुली आहेत. मुलांचा निर्भय खेळ हे देवाच्या दृष्टीने नगर सुखरूप झाल्याचे लक्षण होय. मग ज्या गावी मुलांना मोटारी चुकवीत खेळावे लागते, त्या गावाविषयी काय म्हणावे?

कोणी विचारील, "पाळकसाहेब, खेळाच्या जागेसाठी पैसा कोठून आणावा?" पाच हजारांस जेवू घातल्यावर प्रभूने उरलेले तुकडे गोळा करविले, काही वाया जाऊ दिले नाही. सन १९४३ मध्ये डेन्मार्क देश जर्मन सैन्याच्या ताब्यात असता, कोपनहेगनमधील एम्ड्रुप येथे सोरेन्सन नामक उद्यानरचनाकाराच्या कल्पनेवरून एक क्रीडांगण निघाले. तेथे जुनी लाकडे व विटा घेऊन मुलेच आपला खेळ उभारीत. सन १९४६ मध्ये लेडी अॅलन या इंग्रज बाईंनी ते पाहिले आणि बॉम्बने उद्ध्वस्त झालेल्या जागी तशी क्रीडांगणे व्हावीत असा आपल्या देशात आग्रह धरला. आपल्या गावीही झिजलेले टायर, पडक्या घराचे वासे व जुने दोर आहेतच.

परंतु टाकाऊ वस्तू म्हणजे निष्काळजी काम नव्हे. नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा करावा, नाहीतर पडणाऱ्याच्या रक्ताचा दोष घरावर येईल, असे नियमशास्त्र सांगते. म्हणून ज्या टायरातून तार बाहेर आली असेल तो घेऊ नये. चांगल्या टायराला खालून भोके पाडावी. नाहीतर पाणी साचून डेंग्यूचे डास होतील. कीटकनाशकाचे पिंप कितीही धुतले तरी मुलांना देऊ नये. लाकडातील खिळे काढावे, कडा घासाव्या. झोपाळ्याखाली फरशी नसावी, तर हातभर खोल मऊ वाळू असावी. दोर व गाठी दर आठवड्यास तपासाव्या. लोखंड उन्हात तापते, यास्तव जागा लिंबाच्या सावलीत निवडावी.

येथे आम्हांस आपला एक दोष कबूल केला पाहिजे. आम्ही मंदिराच्या आवारात असे अंगण केले व त्याचा अभिमान बाळगला. पहिल्याच संध्याकाळी कुबड्यांवर चालणारी एक मुलगी कुंपणाबाहेर दगडावर बसून पाहत होती. आम्ही तिला म्हणालो, "बाळ, आत ये ना." ती म्हणाली, "पायरी उंच आहे, आणि वाळूत कुबडी रुतते." आम्ही मुलांना येऊ द्या असा उपदेश पुष्कळ वेळा केला होता, पण दारात उंच पायरी आम्हीच घातली होती!

पक्षाघाती मनुष्याच्या चौघा मित्रांनी वाट नाही असे पाहून छप्पर उघडले. आम्हांस तर पायरीच फोडावयाची होती. तिच्या जागी उतार केला. एक फूट चढण्यास बारा फूट लांबी ठेवावी, म्हणजे चाकाची खुर्चीही सुखाने चढते. वाट कठीण मातीची, चांगली चोपलेली व दोन माणसे शेजारी चालतील इतकी रुंद केली. पाठीला टेका असलेला एक झोपाळा टांगला, आणि बसल्या बसल्या खेळता यावे म्हणून वाळूची एक उंच पेटी केली. खर्च थोडा झाला. उशीर मात्र आमच्या अंतःकरणाच्या आंधळेपणामुळे झाला होता.

तर, प्रिय उपदेशक बंधूंनो, पुढील उपासनेनंतर मंडळीस घेऊन आवाराभोवती एक फेरी मारा. काय टाकून दिले आहे ते पाहा. आणि कोण बाहेर बसले आहे तेही पाहा. ते अंगण केवळ आपल्याच मुलांचे नसो, साऱ्या गावाचे असो. ज्याने मुलांना कवेत घेतले, तो प्रभू आपणांस तशी दृष्टी देवो. आमेन.