अभ्यास की हट्ट?

एखादी कठीण गोष्ट शिकायला घेतली आणि ती जमेना, की आपण प्रयत्न वाढवतो. तसे करावे असेच आपल्याला लहानपणापासून सांगितले जाते. पण वाढवलेला प्रत्येक प्रयत्न हा अभ्यासच असतो का? काही प्रयत्न बाहेरून अभ्यासासारखे दिसतात आणि आतून निव्वळ हट्ट असतात. घाम दोन्हींत सारखाच गळतो, तासही तितकेच जातात. मग ओळखायचे कसे? या प्रश्नाचा विचार करताना युरोपातील पियानोवादनाच्या इतिहासातील एक उदाहरण मला नेहमी आठवते. पाश्चात्त्य संगीताची माहिती नसली तरी ते समजण्यास अडचण येणार नाही.

१८३१ साली जर्मनीतील लाइपझिग शहरात फ्रीडरिश वीक नावाच्या पियानोशिक्षकांच्या घरी दोन विद्यार्थी होते. एक होते रॉबर्ट शूमान. ते कायद्याचे शिक्षण सोडून मोठा पियानोवादक होण्याच्या इच्छेने आले होते. वय २१. दुसरी होती वीक यांची मुलगी क्लारा, वय ११. त्या वर्षी या घरात एक नवी रचना आली. पोलंडच्या फ्रेडरिक शोपँ या शूमान यांच्याच वयाच्या तरुणाने मोत्सार्टच्या एका स्वरावलीवर ती बांधली होती. त्या काळचे हे नवे, रोमँटिक वळणाचे संगीत हाताकडून पूर्वी न मागितलेल्या गोष्टी मागत होते. लांब उड्या, मोठे ताण, आणि एकाच हाताच्या काही बोटांनी सुरावट गायची असताना उरलेल्या बोटांनी साथ करायची. क्लाराने ती रचना आठ दिवसांत बसवली. आजवर पाहिलेली ही सर्वांत अवघड रचना आहे, अशी नोंद तिच्या दैनंदिनीत आहे. शूमानही त्याच रचनेशी झगडत होते. त्यांना ती हवी तशी साधत नव्हती.

त्यांच्या मनाचा मोठेपणा असा, की त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी या रचनेचे मनापासून कौतुक करणारा लेख छापून आणला. मत्सर करणाऱ्या माणसाला हे जमत नाही. मात्र स्वतःच्या हाताशी वागताना तो उदारपणा त्यांच्याकडे राहिला नाही. बोटे लवकर तयार व्हावीत म्हणून त्यांनी एक यांत्रिक साधन वापरले. १८३२ पर्यंत उजव्या हाताचे मधले बोट त्यांच्या आज्ञेबाहेर गेले. दोष त्या साधनाचा, अतिसरावाचा की एखाद्या आजाराचा, यावर अभ्यासकांत आजही मतभेद आहेत. विद्युत-उपचार झाले, होमिओपॅथी झाली. वादक होण्याचे स्वप्न मात्र तिथेच संपले.

आता एक छोटा प्रयोग करून पाहा. तळहात टेबलावर पालथा ठेवा आणि मधले बोट दुमडून तळव्याखाली घ्या. अंगठा, तर्जनी, करंगळी एकेक करून उचला. उचलली जातील. मग अनामिका उचलून पाहा. बहुतेकांची ती जागची हलणार नाही. याचे कारण आळस नव्हे. हाताच्या पाठीवरून बोटांकडे जाणारे स्नायूंचे दोर एकमेकांना आडव्या बंधांनी जोडलेले असतात, आणि अनामिका या बंधांत सर्वांत जास्त अडकलेली असते. संकल्प कितीही दृढ असला तरी हे बंध संकल्पाचे ऐकत नाहीत.

शोपँ यांच्यापुढेही हाच हात होता. साधारण त्याच काळात त्यांनी सरावासाठी म्हणून काही रचना केल्या. त्यांतली दुसरी, दीड मिनिटाच्या आसपासची, फार कठीण मानली जाते. तिच्यात उजव्या हाताची मधले बोट, अनामिका आणि करंगळी ही तीन बोटे अखंड धावत राहतात आणि त्याच वेळी अंगठा व तर्जनी खाली साथ धरतात. म्हणजे सर्वांत अवघड काम सर्वांत दुबळ्या बोटांकडे! पण शोपँ यांनी त्या बोटांना बळकट करण्याचा आग्रह धरला नाही. लांब बोट आखूड बोटावरून ओलांडून पुढे जाऊ शकते ही जुनी युक्ती त्यांनी पुन्हा वापरली, आणि कोणता स्वर कोणत्या बोटाने वाजवायचा याच्या खुणा रचनेत बारकाईने लिहून ठेवल्या. पियानोशिक्षणावरील आपल्या अपुऱ्या राहिलेल्या टिपणांत त्यांनी म्हटले आहे, की प्रत्येक बोटाची घडण वेगळी असते. सर्वांना सारखे बळ आणण्याचा खटाटोप करण्यापेक्षा प्रत्येकाचा स्वतःचा स्पर्श फुलवावा. शिष्यांनी दिवसात तीन तासांहून अधिक सराव करू नये, असेही ते सांगत.

यावरून कोणी म्हणेल, की तपाशिवाय काही मिळत नाही आणि ही सगळी सोप्या वाटेची भलामण आहे. तसे मुळीच नाही. शोपँ यांची ती रचना शिकायला महिनोन् महिने लागतात. दोन-तीन ओळी घ्याव्या, अगदी मंद लयीत वाजवाव्या, चूक कानाला ऐकू येऊ द्यावी, आणि हात थकला की उठावे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथूनच. यात कष्ट भरपूर आहेत. फरक इतकाच, की अभ्यास करणारा हाताला विचारतो आणि हट्ट करणारा त्याला हुकूम देतो. हट्टाला रचनेपेक्षा तारखेची घाई असते. अमुक दिवसापर्यंत आले पाहिजे, त्या मुलीला आठ दिवसांत आले तर मला का नाही, असे ते चालते. क्लाराच्या आठ दिवसांमागे बरीच वर्षे होती हे हट्टाला दिसत नाही. तिचे वडील कडक होते, पण सरावाचे तास मोजके ठेवत आणि तिला रोज लांब फिरायला नेत.

ध्यानाला बसणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. गुडघा दुखत असताना पद्मासन धरून ठेवणारा साधक बऱ्याचदा ध्यान सोडून गुडघ्याशीच युद्ध करत असतो. ‘शेजारचा बसला आहे ना अजून!’ हा विचार तर आपल्यापैकी बहुतेकांच्या ओळखीचा असेल.

शूमान यांची गोष्ट सांगताना एक गोड शेवट जोडण्याचा मोह होतो. बोट गेले म्हणून ते संगीतकार झाले, सगळे भल्यासाठीच झाले, असा. मला हे पटत नाही. रचना ते आधीपासूनच करत होते. आणि १८३८ मध्ये, दुखापतीनंतर सहा वर्षांनी, व्हिएन्नातून क्लाराला लिहिलेल्या पत्रातही निकामी झालेल्या हाताचे दुःख ताजे आहे. स्वतःवर केलेल्या बळजबरीची किंमत त्यांनी मोजली. तिला ईश्वरी योजना म्हणून मोकळे होणे आपल्याला सोयीचे वाटते इतकेच. त्याच पत्रात ते क्लाराला आपला उजवा हात म्हणतात.

१८४० मध्ये दोघांचा विवाह झाला. १८५६ मध्ये शूमान गेले, त्यानंतरही अनेक दशके क्लारा त्यांच्या रचना युरोपभर वाजवत राहिल्या. त्यांचाही हात दुखावलाच. १८७३ नंतर वर्षाहून अधिक काळ त्यांना मैफली थांबवाव्या लागल्या, आणि त्या थांबल्या. १८७७ मध्ये त्यांचे स्नेही योहानेस ब्राम्स यांनी बाखची व्हायोलिनसाठीची एक थोर रचना केवळ डाव्या हातासाठी पियानोवर उतरवून त्यांना पाठवली. ब्राम्स यांना ठाऊक नव्हते, पण नेमकी त्याच सुमारास क्लारा यांच्या उजव्या हाताची शीर ताणली गेली होती. त्या ५७ वर्षांच्या होत्या. उजवा हात स्वस्थ ठेवून त्यांनी डाव्या हाताने नवी रचना शिकायला घेतली.