बाळाचे नाव काय ठेवले?



स्नानसंस्काराच्या विधीत आईवडिलांना पहिला प्रश्न विचारला जातो तो बाळाच्या नावाचा. हल्ली उत्तर गोड मिळते, पण अर्थ विचारला की आईबाबा एकमेकांकडे पाहतात.

आपल्या आजीआजोबांच्या पिढीतील नावे आठवून पाहू या. मार्था, एस्तेर, याकोब, शिमोन ही पवित्र शास्त्रातली. दयाबाई, कृपाबाई, शांताबाई, प्रभुदास ही आपल्या मराठी बोलीतली. दया, कृपा, शांती ही तर देवाचीच दाने आहेत. मग ती नावे आज आपल्याला जुनाट का वाटावीत? ख्रिस्तसभेच्या नियमानुसार (कलम ८५५) नाव ख्रिस्ती भावनेशी विसंगत नसावे, एवढीच अपेक्षा आहे.

नाव मोठे होते ते जगण्याने. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी झिंगराजी आणि सखूबाई यांच्या पोटी डेबूजी जन्मले. आज वर्गात कोणी डेबू असला तर मुले हसतील. पण तेच डेबूजी हाती खराटा घेऊन गावोगाव झाडत फिरले आणि संत गाडगेबाबा झाले.

तरीही जुने ते सारे सोने नव्हे. आधीची लेकरे दगावली की पुढच्याचे नाव दगडू, धोंडू ठेवत. त्यामागे आईचे भय होते. त्या नावांना हसू नये, पण ते भय पुन्हा नको. मुलगी नकोशी झाली म्हणून ‘नकुशा’ हे नावही ठेवले गेले. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा दोनशेहून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. तो त्यांचा न्याय होता.

मग निवड कशी करावी? लूकच्या शुभवर्तमानातील पहिल्या अध्यायात नातेवाइकांना बाळाचे नाव वडिलांवरून जखऱ्या ठेवायचे होते. अलिशिबा मात्र ‘योहान’ या नावावर ठाम राहिली. योहान म्हणजे परमेश्वर कृपाळू आहे. तेथे घराण्याची रीत किंवा नवलाई पाहिली गेली नाही. देवाने काय केले हे पाहिले गेले. तसे पाहिले तर जुने नावही पुन्हा ताजे होते. तेरावे लिओ १९०३ साली निवर्तले. त्यानंतर १२२ वर्षांनी, २०२५ मध्ये, नव्या पोपमहोदयांनी तेच नाव घेतले. तेराव्या लिओंनी १८९१ साली कामगारांच्या हक्कांविषयी लिहिलेल्या परिपत्रकाची आठवण त्यामागे होती.

आणखी एक गोष्ट. आपल्यातील कितीतरी आजी आजही आहेत, पण त्यांचे नाव कोणी घेत नाही. ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची आजी’ एवढीच त्यांची ओळख उरते. रिकाम्या कबरेपाशी रडणाऱ्या मरिया माग्दालियाने प्रभूला केव्हा ओळखले? त्याने तिला नावाने हाक मारली तेव्हा! जुनी नावे परत आणायची तर सुरुवात पाळण्यापासून नव्हे, या आजींपासून करू या. आज मिस्सानंतर घरच्या वडीलधाऱ्यांना विचारू या : तुमचे नाव कोणी ठेवले, का ठेवले? मुलांनाही ते ऐकू द्या. पुढच्या बारशाला नाव शोधण्यासाठी मग फार लांब जावे लागणार नाही.

आपणा प्रत्येकाला नावाने ओळखणारा प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.