माळकऱ्याची साबणवडी

गळ्यात तुळशीची माळ पडली की मांसमच्छी सुटते. पण माळेचा नेम ताटापाशीच संपतो काय? पतंजलींनी योगसूत्रात हिंसा तीन प्रकारची सांगितली आहे: स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करविलेली आणि नुसती संमती दिलेली. सुरी आपण हाती धरीत नाही, म्हणून पहिलीतून सुटलो. उरलेल्या दोन मात्र बाजाराच्या पिशवीतून गुपचूप घरात शिरतात.

कशा, ते पाहा. १९४४ साली अमेरिकेत ड्रेझ नावाच्या शास्त्रज्ञाने एक परीक्षा प्रसिद्ध केली. सशाला जखडून त्याच्या डोळ्यांत प्रसाधनाचे किंवा धुण्याच्या पावडरीचे द्रव्य घालायचे आणि डोळा किती सुजतो, किती धूसर होतो, हे दिवसेंदिवस पाहायचे. मुक्या जिवाने गाऱ्हाणे सांगावे कोणाला? आपल्या देशाने २०१४ साली प्रसाधनांची अशी परीक्षा बंद केली; अशी परीक्षा झालेल्या परदेशी प्रसाधनांची आयातही त्याच वर्षी बंद केली. फार चांगले झाले! परंतु तो कायदा प्रसाधनांपुरता. लादी पुसण्याचे औषध त्यात येत नाही. शिवाय परीक्षा झाली नाही म्हणजे आत चरबी नाही, असेही नव्हे. साबणाच्या वेष्टनावर ‘टॅलो’ असेल तर ती गुराढोरांची चरबी; ओठांच्या लालीत ‘कार्माइन’ असेल तर तो किड्यांपासून काढलेला रंग. पुण्यात १९७४ साली सुरू झालेली ‘ब्यूटी विदाउट क्रुएल्टी’ ही संस्था अशीच माहिती लोकांपुढे मांडीत आली आहे.

कोणी म्हणेल, “महाराज, आम्ही भिवंडीची माणसे, मागावर राबणारी. महागाच्या वस्तू कोठून आणू?” अहो, आणा म्हणतो कोण! केसांना शिकेकाई-रिठा, अंगाला डाळीचे पीठ, भांड्यांना राख नि काथ्या. यासाठी कोणा सशाला जखडावे लागत नाही. विकतच घ्यायचे तर वेष्टन वाचा, दुकानदाराला विचारा. आपल्या माणकोली-काल्हेरच्या गोदामांतून माल गावोगाव जातो; पण गिऱ्हाईक मागेल तेच शेवटी तेथे भरले जाते. मागणी थांबली की करविणे थांबले. मात्र एवढ्यावरून शेजाऱ्याला हिणवू नका; तीही हिंसाच.

नाथमहाराजांनी रामेश्वरासाठी नेलेली गंगेची कावड तहानेल्या गाढवाच्या तोंडी ओतली. आपल्याला तर एक वडी बदलायची आहे. येत्या एकादशीचे स्नान तरी कोणाच्या वेदनेवाचून होऊ द्या.

पुंडलीक वरदा हरि विठ्ठल!