ताळेबंद आणि पावत्या

देवस्थानचा ताळेबंद महाजनांपुढे येतो तेव्हा पावत्याही मागितल्या जातात. त्यात कारभाऱ्याचा अवमान कोणी मानीत नाही. मग शास्त्रीय निबंधाबरोबर त्यामागील आकडेमोड व संगणकाची आज्ञावली का प्रसिद्ध होऊ नये?

राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांहून अधिक कर्ज असलेल्या प्रगत देशांची सरासरी वाढ उणे ०.१ टक्का, असे अर्थशास्त्रज्ञ राइनहार्ट व रोगॉफ यांनी २०१० साली मांडले. २०१३ साली हर्न्डन या विद्यार्थ्याने त्यांच्याचकडून मिळालेला एक्सेल-तक्ता तपासला. सरासरीतून पाच देश गळले होते. ही व इतर दुरुस्त्या करता वाढ २.२ टक्के भरली.

तक्ता दिला म्हणूनच चूक दिसली. न देणारा निर्दोष ठरतो काय? आमच्या मते, उलटतपासणी न झालेल्या साक्षीदाराप्रमाणे तो केवळ अपरीक्षित राहतो.