वर्गातील शांतता कोणासाठी?

टाचणी पडली तरी ऐकू यावी असा वर्ग पाहिला की शाळेच्या तपासणीस आलेला अधिकारी संतुष्ट होतो. आम्हांस मात्र प्रश्न पडतो : ही शांतता राखावयाची ती कोणासाठी?

छडीच्या बळावर ती मिळविणे आता कायद्यास मान्य नाही. गोव्याने २००३ च्या बालक कायद्यान्वये शाळांतील शारीरिक शिक्षेस बंदी केली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने मानसिक छळही वर्ज्य ठरविला. मग गोंगाट म्हणजेच स्वातंत्र्य काय? तसेही नव्हे. गोंगाटात ज्याचा आवाज मोठा त्याचेच राज्य चालते, आणि मागल्या बाकावरील भिडस्त मुलाचा प्रश्न ओठांतच विरतो.

न्यायालयातही शांतता राखावी लागते. ती केवळ न्यायाधीशाच्या मानासाठी नसते. दबक्या आवाजात बोलणाऱ्या साक्षीदाराचा शब्द सर्वांस ऐकू यावा, हा तिचा खरा हेतू. वर्गाचा न्याय याहून निराळा नाही. शिक्षकास शांतता मागण्याचा अधिकार निःसंशय आहे. परंतु ती मिळताच ऐकण्याचे कर्तव्यही त्याच्यावर येते. जेथे शांतता आहे पण प्रश्न नाही, तेथे छडी केवळ दृष्टीआड झाली आहे, असेच आम्ही समजतो.