अस्थींचे वय आणि मृतांचा हक्क



कर्जत-खालापूर परिसरातील कब्रस्तानांत नवी कबर खणताना कधी जुनी अस्थी हाती लागते आणि कुदळ थांबते. अशा वेळी काय करावे? शाफई फुकहांनी सांगून ठेवले आहे की, देह मातीत पूर्ण मिसळेपर्यंत कबर पुन्हा उघडू नये. आणि त्यास किती वर्षे लागतात, हे त्या मातीच्या जाणकारांना विचारावे. आपल्याकडील मुसळधार पावसात अस्थी लवकर झिजतात. घाटापलीकडे, कोरड्या पठारावर, त्या हजारो वर्षे टिकतात.

शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तेथे १९६८ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजने अनेक हंगाम उत्खनन केले. त्याचा अहवाल सिद्ध करणाऱ्यांत ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर यांच्यासोबत झेड. डी. अन्सारी हेही होते. घरांच्या जमिनीखाली दोनशेहून अधिक दफने आढळली. तान्ही मुले दोन रांजणांची तोंडे जुळवून आत निजवलेली होती. प्रौढांची पावले घोट्याखाली तोडलेली होती. मृताने घर सोडून जाऊ नये, हा त्यामागील हेतू असावा, असा अभ्यासकांचा तर्क आहे. दूर चिलीच्या समुद्रकाठी चिंचोरो लोकांनी सुमारे ७००० वर्षांपूर्वी बालकांचेही देह मातीचा लेप देऊन जपले. मूल गमावलेल्या आईबापांचे दुःख सर्वत्र एकच.

हे वय कसे कळते? सजीव अन्नावाटे कार्बन-१४ घेत असतो. मृत्यूनंतर ते घेणे थांबते आणि सुमारे ५७३० वर्षांत त्याचा साठा निम्मा होतो. थरांतील जळक्या लाकडाच्या अशा मोजणीतून इनामगावच्या वस्तीचा काळ सुमारे इसवी सनपूर्व १६०० ते ७०० ठरला.

आता खरा प्रश्न. इतकी शतके लोटल्यावर मृताचा हक्क संपतो काय? की ते आपल्या दीनचे नव्हते, म्हणून तो नव्हताच? एका यहुदी व्यक्तीचा जनाजा जाताना प्रेषित (सल्ल.) उभे राहिले. सोबत्यांनी आश्चर्य व्यक्त केले, तेव्हा तोही एक जीवच होता, याची त्यांनी आठवण करून दिली. मृताचे हाड मोडणे हे जिवंताचे हाड मोडण्यासारखेच, हीही त्यांचीच शिकवण. कार्बन निम्मा होतो. हुरमत निम्मी होत नाही.

मग संशोधन निषिद्ध काय? तसे नव्हे. पृथ्वीवर फिरून निर्मितीचा आरंभ पाहा, असे कुरआन सांगतो. दफनाची रीतही काबीलला एका कावळ्याकडून शिकावी लागली. परंतु ज्ञानासाठी गरजेपुरतेच उघडावे, अस्थी अमानत मानाव्यात आणि त्यांचा तमाशा करू नये.

शेवटी स्वतःकडे पाहू या. वडिलांशेजारीच जागा हवी, म्हणून मुदतीआधी कबर उघडण्याचा आग्रह आपल्यातीलच काही कुटुंबे धरतात. तीन हजार वर्षांपूर्वीच्या परक्या मृताचा हक्क ज्याला मान्य आहे, त्याने शेजारच्या कबरीतील भावाचा हक्क विसरू नये. अस्थी दिसली तर ती झाकावी, कबर बुजवावी आणि दुसरीकडे खणावे. अल्लाह आपणांस मृतांचे हक्क ओळखण्याची तौफिक देवो. आमीन.