सहयात्रेचा धर्म

भगवान शंकरांचे निवासस्थान म्हणून ज्या पर्वताला भाविक शतकानुशतके वंदन करीत आले आहेत, तो कैलास समुद्रसपाटीपासून सुमारे ६,६३८ मीटर उंच आहे. त्याच्या शिखरावर कोणी चढत नाही. त्याची प्रदक्षिणा केली जाते. हिंदूंप्रमाणेच बौद्ध, जैन आणि तिबेटातील बोन पंथाचे अनुयायीही त्यास पवित्र मानतात. त्याच्या दक्षिणेस सुमारे ४,५९० मीटर उंचीवर मानसरोवर पसरलेले आहे. प्रदक्षिणेचा मार्ग सुमारे ५२ किलोमीटरांचा असून बहुतेक यात्रेकरू तो तीन दिवसांत पूर्ण करतात. दुसऱ्या दिवशी डोल्मा ही ५,६०० मीटरांहून उंच खिंड ओलांडावी लागते. तेथे हवेचा दाब समुद्रकाठच्या तुलनेत जवळजवळ निम्मा असतो. कोकणात किंवा देशावर वाढलेल्या शरीराला हा प्रदेश परका आहे, आणि श्रद्धा कितीही दृढ असली तरी फुप्फुसांना तो परकाच राहतो.

अशा ठिकाणी सहसा कोणी एकट्याने जात नाही. परराष्ट्र मंत्रालयामार्फत १९८१ पासून लिपुलेख खिंडीच्या मार्गाने यात्रेकरूंच्या तुकड्या पाठविल्या जाऊ लागल्या, २०१५ मध्ये नाथू ला मार्गही उघडला. २०२० ते २०२४ या वर्षांत खंडित झालेली ही यात्रा २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. याखेरीज नेपाळमार्गे जाणारेही पुष्कळ असतात. महाराष्ट्रातून निघणारा समुदाय बहुधा एखाद्या भजनी मंडळाचा, गृहसंस्थेचा किंवा नात्यातील चार-पाच कुटुंबांचा असतो. एकादशीचे भजन आटोपल्यावर विषय निघतो आणि पुढे सहा महिने तयारी चालते. पारपत्रे, लोकरी कपडे, औषधे, सुका मेवा, रुद्राभिषेकाचे साहित्य, सर्वांची चोख यादी होते. एक प्रश्न मात्र कोणी काढीत नाही. वाटेत आपल्यापैकी एखाद्यास पुढे जाता आले नाही, तर इतरांनी काय करावे? शुभकार्यास निघताना असे बोलणे अशुभ मानले जाते, म्हणून तो प्रश्न घरीच राहतो आणि पाच हजार मीटर उंचीवर, थंडीत आणि थकव्यात, नेमका समोर येऊन उभा राहतो.

वैद्यकशास्त्र याविषयी सांगते ते थोडक्यात असे. सुमारे २,५०० मीटरांच्या वर विरळ हवेचा त्रास संभवतो. डोके दुखते, मळमळते, अन्नावरची वासना जाते, झोप लागत नाही. पुष्कळांचे एवढ्यावरच भागते आणि विश्रांतीने शरीर त्या हवेला सरावते. काहींच्या बाबतीत मात्र फुप्फुसांत पाणी साचते किंवा मेंदूला सूज येते, आणि मग काही तासांचा विलंबही प्राणावर बेततो. प्राणवायूची नळकांडी व औषधे यांचा आधार मिळतो, परंतु खरा उपाय एकच, रुग्णाला विनाविलंब खाली उतरविणे. तीन हजार मीटरांच्या वर मुक्कामाची उंची एका रात्रीत पाचशे मीटरांहून अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे, असा सर्वसाधारण नियम सांगितला जातो. मोटारीने झपाट्याने वर जाणाऱ्यांकडून तो पाळला जातोच असे नाही. हा त्रास कोणास होईल हे आधी सांगता येत नाही. रोज व्यायाम करणारा पंचविशीतला तरुण आडवा होतो आणि पासष्ट वर्षांच्या आजी शांतपणे चालत राहतात, असेही घडते.

समुदायाने जाण्याचा येथे एक तोटाही आहे. एकटा मनुष्य डोके दुखू लागले की थांबतो. समुदायातला मनुष्य ते लपवितो, कारण आपल्यामुळे वीसजणांचा खोळंबा व्हावा हे त्याला सहन होत नाही. ज्या सोबतीच्या आधाराने तो निघाला, त्याच सोबतीच्या संकोचाने तो आजार अंगावर काढतो.

मग पहिल्या दिवसाचा मुक्काम येतो. डिरापुक येथून कैलासाचे उत्तरमुख अगदी समोर दिसते. रात्री एखाद्याला धाप लागते, बोलणे असंबद्ध होते. पहाटे डोल्माकडे निघण्याची वेळ झालेली असते. कोणीतरी म्हणते, “काका, तुम्ही इथेच पडून राहा, आम्ही खिंड पार करून पलीकडून येतो.” त्या बोलण्यात दुष्टावा नसतो. वर्षानुवर्षे साठविलेला पैसा, घरच्यांची परवानगी, आयुष्यात एकदाच मिळणारी संधी, हे सारे त्या वाक्यामागे असते. त्याच्या समर्थनार्थ दोन वचनेही तयार असतात. एक म्हणजे ज्याचे त्याचे प्रारब्ध. दुसरे म्हणजे, महादेवाचे बोलावणे असल्याशिवाय दर्शन घडत नाही, काकांना ते नव्हते. दुसरे वचन नम्रतेचे आहे, पण ते ज्याने त्याने स्वतःपुरतेच वापरावयाचे असते. दुसऱ्याच्या आजारपणाचा अर्थ लावण्यासाठी ते वापरले, की त्यातली नम्रता संपते.

या प्रसंगी जाणकारांना महाभारताची आठवण होते. महाप्रस्थानिक पर्वात पाच पांडव व द्रौपदी हिमालय ओलांडून मेरूच्या दिशेने निघाले, त्यांच्यामागून एक कुत्राही चालू लागला. प्रथम द्रौपदी पडली, मग सहदेव, नकुल, अर्जुन आणि शेवटी भीम. प्रत्येकाच्या वेळी भीम कारण विचारतो आणि युधिष्ठिर त्या व्यक्तीचा दोष सांगून, मागे वळून न पाहता, पुढे चालू लागतो. आपला मार्ग चालत राहावे, पडणाऱ्याकडे पाहू नये, असा धडा यातून काढणारे काही कमी नाहीत.

तथापि व्यासांनी कथा तेथे संपविलेली नाही. इंद्र रथ घेऊन येतो, तेव्हा युधिष्ठिराचे पहिले बोलणे आपल्या पडलेल्या भावंडांविषयी असते. त्यांच्यावाचून स्वर्ग नको, असे तो म्हणतो. ते आधीच पोहोचले आहेत असे आश्वासन मिळाल्यावर कुत्र्याचा प्रश्न निघतो. कुत्र्यास स्वर्गात स्थान नाही, त्याला सोडावे, असे इंद्र परोपरीने सांगतो. विश्वासाने मागे आलेल्याचा त्याग करणे हे महापाप आहे, असे म्हणून युधिष्ठिर रथात बसण्याचे नाकारतो. पुढे स्वर्गारोहण पर्वात त्याला नरकाचा मार्ग दाखविला जातो. तेथील दुर्गंधीने त्रासून तो परत फिरतो, तोच अंधारातून आर्त स्वर येतात की, तुझ्या येण्याने वाऱ्याची झुळूक आली, क्षणभर थांब. तुम्ही कोण, असे विचारल्यावर कर्ण, भीम, अर्जुन, द्रौपदी अशी नावे ऐकू येतात. तेव्हा युधिष्ठिर देवदूताला परत पाठवितो आणि तेथेच राहण्याचा निश्चय करतो. हिमालयात ज्याने मागे वळून पाहिले नाही, त्याला व्यासांनी शेवटी त्याच माणसांजवळ आणून उभे केले आहे. डिरापुकच्या पहाटे महाभारताचा आधार घ्यावयाचा, तर तो एवढा सगळा घ्यावा लागेल.

दुसरीही एक गोष्ट विसरली जाते. पांडव निघाले ते परतण्यासाठी नव्हे. राज्य परीक्षिताच्या स्वाधीन करून देहत्यागाचा संकल्प त्यांनी केला होता. तीर्थयात्रा ही वेगळी क्रिया आहे. महाराष्ट्रात काशीयात्रा करून आल्यावर गंगापूजन आणि मावंदे घालण्याची रीत आहे. काशीला निघणारा पूर्वी घरादाराची निरवानिरव करून निघत असे हे खरे, कारण परतण्याची शाश्वती नव्हती. पण यात्रा सांग झाली असे मानले जाई ते परत येऊन मावंदे झाल्यावरच. परतणे हा यात्रेचाच भाग आहे, आणि समुदायाने काढलेल्या यात्रेत तो प्रत्येकाच्या वाट्याचा भाग आहे. महाप्रस्थानाचे नियम तिला लावता येत नाहीत.

कुत्र्याच्या कथेवरून आणखी एक विचार सुचतो. पांडवांच्या मोजणीत तो नव्हता, तरी युधिष्ठिराने ज्याच्यासाठी रथ नाकारला तो तोच. यात्रेच्या यादीत वीस नावे असतात. सामान वाहणारे हमाल, घोडेवाले, स्वयंपाकी यांची नावे तेथे नसतात. ऑगस्ट १९९८ मध्ये उत्तराखंडातील मालपा येथे रात्री दरड कोसळून दोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी सुमारे साठ कैलासाचे यात्रेकरू होते. यात्रेकरूंच्या स्मरणार्थ पुष्कळ लिहिले गेले. उरलेल्यांत हमाल होते, घोडेवाले होते, तेथले रहिवासी होते. त्यांच्याविषयी मराठी वाचकाला फारसे काही वाचावयास मिळालेले नाही. पाठीवरचे ओझे वाहणाऱ्याच्या पायात धड बूट आहेत की नाहीत, त्याला रात्री आडोसा मिळाला की नाही, हे पाहणे समुदायाच्या प्रमुखाचे काम आहे, आणि तोही आजारी पडू शकतो हे लक्षात ठेवणेही.

येथे दुसरी बाजूही मांडली पाहिजे. एकाच्या आजारपणामुळे साऱ्यांनी परतावे, असा नियम केला तर तो अन्यायाचा होईल. हृदयविकार किंवा दमा लपवून जो समुदायात सामील होतो, तो केवळ स्वतःच्या प्राणाशी खेळत नाही. इतर एकोणीसजणांच्या यात्रेवर त्यांना न विचारता हक्क सांगतो. सरकारी यात्रेत १८ ते ७० अशी वयोमर्यादा आहे, दिल्लीत वैद्यकीय तपासणी होते, लिपुलेख मार्गावर गुंजी येथे पुन्हा तपासणी होते आणि तेथे अपात्र ठरलेल्यास पुढे जाता येत नाही. काहींना ही कठोरता वाटते. वस्तुतः जो नकार सोबत्यांना तोंडावर देणे जड जाते, तो येथे वैद्य देतात, आणि सर्वांच्या मनावरचा भार उतरतो. खाजगीरीत्या जाणाऱ्यांनी आपल्यापुरती अशीच व्यवस्था करावी, एका डॉक्टरांचा शब्द अखेरचा मानावा आणि तसे निघण्यापूर्वी सर्वांनी कबूल करावे.

सर्वांनी परतू नये, आणि आजाऱ्याने एकट्याने परतू नये. मग कोणी परतावे? प्रत्यक्षात काय घडते ते सांगण्यास अवघड आहे. परतण्यास सांगितले जाते ते पत्नीला, सुनेला, सर्वांत धाकट्याला किंवा ज्याचा खर्च दुसऱ्याने केला आहे त्याला. तो “नाही” म्हणू शकत नाही, एवढेच त्याच्या निवडीचे कारण असते. सक्तीने घडविलेला हा त्याग मोठ्यांच्या दर्शनाच्या हिशेबात कोठे बसतो, याचा विचार भाविकांनी करावा. यापेक्षा घरच्या बैठकीतच दोन-दोनांच्या जोड्या ठरवाव्यात, एक थांबला तर दुसरा त्याच्याबरोबर उतरेल असे दोघांनी परस्परांना सांगावे, आणि प्रमुखाने आपले नाव अशा जोडीत सर्वांआधी घालावे. सासऱ्याचा जोडीदार सून नसून त्याचाच समवयस्क मित्र असेल, तर तो शब्द मोकळेपणाने दिलेला असतो.

जोडीदाराबरोबर जो डिरापुकहून माघारी फिरला, त्याची प्रदक्षिणा अपुरी राहिली, आणि ती अपुरीच राहिली असे म्हणावे. उगाच गोड बोलून त्याचे दुःख नाहीसे करू नये. पुराणांनी सत्य, क्षमा, इंद्रियनिग्रह आणि भूतदया यांनाही तीर्थे म्हटले आहे, मानस तीर्थे. रामेश्वराला वाहावयाची गंगेची कावड तहानलेल्या गाढवाच्या मुखी रिती करणाऱ्या एकनाथ महाराजांची कथा तर मराठी भाविकाला सांगावी लागत नाही. त्या कथेत नाथांनी रामेश्वराला पाणी पोहोचले नाही हे नाकारलेले नाही. ते येथेच पोहोचले, असे ते म्हणतात. माघारी फिरलेल्याला हे आपल्याविषयी म्हणता येईल की नाही, हे त्याचे तो जाणे. इतरांनी मात्र मावंद्याच्या दिवशी त्याला पुढच्या पंगतीत बसवावे.

राहिला प्रश्न दात्यांचा. गरजू वृद्धांना यात्रा घडविण्यासाठी अनेक सद्गृहस्थ सढळ हाताने देणगी देतात. आपल्या पैशाने दहाजणांना दर्शन घडले, हे ऐकण्याची त्यांची इच्छा स्वाभाविक आहे. पण ही इच्छा प्रमुखाच्या कानी पोहोचलेली असते, आणि आठव्या वृद्धास खाली न्यावयाची वेळ आली की ती त्याच्या पायात घोटाळते. यासाठी देणगी देतानाच दात्याने स्पष्ट सांगावे की, संख्या कमी भरली तरी चालेल. रकमेचा काही भाग वेगळा काढून ठेवावा. मधूनच उतरणाऱ्या दोघांचे वाहन, हेलिकॉप्टरची गरज पडल्यास त्याचा खर्च, दोन दिवसांचा जादा मुक्काम आणि आजारी हमालाचे औषधपाणी त्यातून व्हावे. तो भाग खर्च झाला नाही तर पुढील वर्षी जाणाऱ्या समुदायाच्या नावे त्याच कामासाठी शिल्लक ठेवावा, आणि तशी नोंद पावतीवर करून घ्यावी.